पांढरीतला भात

देवदत्त मंगळवेढेकरला लखनौत येऊन आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत सूर्याच्या नावानं आपण लोकांच्या गळ्यात काय काय मारलं, हे आठवलं की त्याचं त्यालाच हसू यायचं. तो सरकारच्या ऊर्जा खात्यात इंजिनिअर होता, आणि खातं उन्हाचं. त्यानं वाटलेल्या सौर कुकरांत लोक कांदे-बटाटे ठेवायचे. त्यानं वाटलेले सौर कंदील लग्नाच्या आहेरात या घरातून त्या घरात फिरायचे, पेटायचे मात्र नाहीत. गणपतीत मराठी मंडळी जमली की बँकेतले लक्ष्मीकांत गोखले हटकून विचारायचे, "काय मंगळवेढेकर, आज ऊन किती लिटर निघालं?" सगळे हसायचे. देवदत्तही हसायचा, आणि घरी येऊन मुक्ताशी, म्हणजे बायकोशी, उगाच भांडायचा.

त्यामुळे दिल्लीहून शंभर किलोवॅटचं सौर वीजघर मंजूर झालं तेव्हा तो हवेतच गेला. आज शंभर किलोवॅट म्हणजे कुणी मान वळवूनही बघणार नाही. पण चौऱ्याण्णव साली ते अचाट काम होतं. काचेच्या ताटांच्या रांगाच्या रांगा, बॅटऱ्यांनी भरलेली अख्खी खोली, आणि रोज संध्याकाळी त्यावर चालणारे एका गावाचे सगळे दिवे. जागा शोधण्यापासून सगळं देवदत्तकडे आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं काम मिळालं होतं.

जागा सपाट हवी, मोकळी हवी, तिच्यावर कशाचीही सावली पडता कामा नये. लखनौच्या एका अंगाला आमराया, दुसऱ्या अंगाला शेतं. शेताला हात लावला की कोर्ट आलंच. उरलं ऊसर. तिकडे क्षारानं पांढऱ्या पडलेल्या जमिनीला ऊसर म्हणतात. तेलीबागच्या पुढे रायबरेली रोडनं गेलं की अशी जमीन लागायची. मे महिन्याच्या भर उन्हात देवदत्त स्कूटर घेऊन विकास नगरातल्या घरून निघाला, सगळं शहर ओलांडून सिसवारा नावाच्या गावी पोचला आणि प्रधानानं, म्हणजे तिकडच्या सरपंचानं, दाखवलेल्या ग्रामसभेच्या माळावर उभा राहिला.

माळ पांढराफटक होता. डोळे दिपत होते. आता देवदत्त सोलापूरकडचा. त्याच्या गावी जमिनीचे दोनच प्रकार. पीक येतं ती काळी, आणि घरं बांधायची, गाव वसवायचं ती पांढरी. पांढरीत कुणी पेरत नाही. पेरणाऱ्याला लोक खुळ्यात काढतात. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या अंगातच होतं. म्हणून त्या माळाच्या एका कोपऱ्यात त्याला वीतभर उंचीचे बांध दिसले, तरी ते पोरांनी खेळताना घातले असतील असं त्याला वाटलं. पांढऱ्या भुकटीचे ढीगही दिसले. चिमूटभर भुकटी बोटांत चोळून तो स्वतःशीच म्हणाला, क्षार वर आलाय. आणि हात झटकले.

"यहाँ तो साहब घास भी नहीं जमती," प्रधान म्हणाला. माळाच्या बहुतेक भागाबद्दल ते खरंच होतं.

ऑफिसात डायरेक्टरसाहेबांनी विचारलं, "मंगळवेढेकर, कोई खेती-वेती तो नहीं है वहाँ? बाद में लफड़ा नहीं चाहिए."

"नहीं सर. एकदम बंजर है."

एवढं त्यानं मनापासून आणि खरं समजून सांगितलं. इथपर्यंत त्याला कुणी दोष देऊ नये.

सप्टेंबरात तो हद्दीच्या खुंट्या मारायला पुन्हा सिसवाऱ्याला गेला. माळ अजून पांढराच होता, पण त्या कोपऱ्यात भात उभा होता. हिरवागार, गुडघ्याच्या वर गेलेला, लोंब्या धरू लागलेला. देवदत्त आधी बांधावरच थबकला. मग खाली वाकून एक पान बोटांत धरून पाहिलं. भातच होता.

"छू के देख रहे हो बाबू? असली है," मागून हसण्याचा आवाज आला.

साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पन्नाशीची, काटक बाई. तिचं नाव जगराना. नवरा गेल्यावर प्रधानानं तिला तोंडी सांगितलं होतं, तेवढा कोपरा तू घे, त्यात काही उगवत असेल तर उगव. गाव त्यावर हसलं होतं. हे सगळं तिनं न विचारता सांगितलं, कारण तिला बोलायला फार आवडायचं आणि हा भात बघायला तोवर कुणी आलंच नव्हतं. ब्लॉकच्या कचेरीतून क्षार मारणाऱ्या जिप्समची पोती मिळतात म्हणून तिनं ती डोक्यावरून वाहून आणली. शेतात भुकटी पसरली, बांध घातले, पाणी तुंबवलं, सोडून दिलं, पुन्हा तुंबवलं. पहिल्या वर्षी रोपं जळाली. दुसऱ्या वर्षी निम्मी जळाली. "अबकी देखो," ती म्हणाली आणि भाताकडे असा हात केला, जसा एखादी आई लग्नाच्या मुलीकडे करते.

मे महिन्यात चोळून झटकलेली ती भुकटी देवदत्तला आठवली.

"ये खूँटा काहे का है बाबू?"

त्यानं सांगितलं. खुंट्यांच्या आत काचा बसणार, आणि या कोपऱ्यात बॅटरीची खोली येणार. जगरानानं खुंटीकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं.

"उधर इतना पड़ा तो है," ती पश्चिमेकडच्या पांढऱ्या माळाकडे बोट करून म्हणाली.

खरंच होतं. माळ दूरवर पसरलेला होता. आखणी शे-दीडशे पावलं पश्चिमेला सरकवली असती तर भात वाचला असता. पण जागा बदलली की नकाशा बदलणार, नकाशा बदलला की फाइल दिल्लीला परत जाणार, आणि मार्चच्या आत खर्च झाला नाही तर पैसे दुसऱ्या राज्याला जाणार. दोन राज्यं त्यासाठी टपून बसली होती. देवदत्तला हे सगळं पाठ होतं.

"मैं ऊपर बात करूँगा," तो म्हणाला. आणि त्या वेळी त्याच्या मनात खरंच तसं होतं.

सोमवारच्या मीटिंगला डायरेक्टरसाहेबांसमोर दिल्लीचा माणूस बसला होता. साहेबांनी त्याच्यादेखत विचारलं, "साइट क्लियर है न मंगळवेढेकर? खेती-वेती कुछ नहीं?"

दोन ओळी बोलायच्या होत्या. सर, एका कोपऱ्यात भात आहे, आखणी जरा सरकवावी लागेल. त्यानं तोंड उघडलं. समोरचा दिल्लीचा माणूस पेनाचं टोपण काढून वाट बघत होता. देवदत्तला कांदे भरलेले कुकर आठवले, गोखल्यांचं 'किती लिटर' आठवलं. हे काम हातचं गेलं तर निवृत्त होईपर्यंत आपण कंदीलच वाटणार, असं त्याला स्वच्छ दिसलं.

"क्लियर है सर," तो म्हणाला.

त्या रात्री तो जेवायला बसला. मुक्ता बँकेत नोकरीला होती; समोरचा माणूस काय लपवतोय हे काउंटरवर बसून तिला चटकन कळायचं. तिनं खोदून विचारल्यावर त्यानं जगरानाची हकीकत सांगितली.

"मग तू सांगितलंस साहेबांना?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"नाही ऐकलं," देवदत्त म्हणाला आणि ताटातली भेंडी चिवडत राहिला.

"निदान बोललास तरी," मुक्ता म्हणाली आणि तिनं त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मुलगी सानिका म्हणाली, "पापा, वो आंटी अब कहाँ उगाएँगी?"

खोटं आधी घरी बोलून झालं होतं, त्यामुळे सिसवाऱ्यात ते फार सोपं गेलं. बांधावर उभं राहून त्यानं जगरानाला सांगितलं, मी खूप बोललो, पण वरचे मानत नाहीत. आपण 'खूप बोललो' म्हणालो, हे त्याचं त्यालाही कळलं. एकदा सुरुवात केली की माणूस हात आखडता घेत नाही.

ती रडेल, शिव्या देईल, प्रधानाकडे जाईल अशी त्याची अपेक्षा होती. मनातून बहुधा इच्छाही होती. जगराना बांधावर बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आप बोले तो. हमारे लिए इहाँ कौन बोलता है."

देवदत्तनं दोन गोष्टी मात्र केल्या. भात कापून होईपर्यंत कुंपणाचं काम त्यानं काही ना काही सबब काढून लांबवलं. आणि वीजघर उभं राहिल्यावर काचा पुसायच्या रोजंदारीवर तिलाच घ्यायचं, असं ठेकेदाराला बजावलं. या दोन गोष्टी तो मनात इतक्यांदा घोळवायचा की पाहणाऱ्याला वाटावं, त्यानं तिला गावच इनाम दिलंय. झोप येईना की तो त्या दोन गोष्टी मोजायचा. दोनच असल्यामुळे मोजणं लगेच संपायचं.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आसपास सिसवाऱ्यात दिवे लागले. खोटं कशाला बोला, ते दृश्य बघण्यासारखं होतं. गावात पहिल्यांदाच संध्याकाळ उजेडात होत होती. बायका दारात उभ्या राहून बल्बकडे बघत होत्या. गावाच्या टोकाला जगरानाची वस्ती होती, तिथेही तार गेली होती. त्यासाठी देवदत्त प्रधानाशी भांडला होता, खरोखर भांडला होता. जगराना त्याला हाताला धरून घरात घेऊन गेली आणि आपला बल्ब दाखवला. "आपकी दुआ से," ती म्हणाली. देवदत्तला तिथे उभं राहवेना. पाणीही न पिता तो निघाला.

काचा पुसायचं काम जगरानाला आवडलं होतं. भल्या सकाळी ती बादली आणि फडकं घेऊन रांगेच्या एका टोकाला लागायची आणि धूळ पुसत दुसऱ्या टोकाला जायची. काचेला ती 'शीशा' म्हणायची. धुकं पडलं की काचा रडतात, असं काहीतरी म्हणून स्वतःशीच हसायची. देवदत्त आला की हातातलं काम टाकून ती त्याच्याकडे यायची, आणि देवदत्त तिला दुरून बघितलं की बॅटरीच्या खोलीत शिरायचा. ती खोली कुठे उभी आहे, हे आत गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं. मग तो तिथूनही बाहेर पडायचा.

संक्रांतीला मराठी मंडळींनी त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, तिळगूळ. ऊन किती लिटर निघालं म्हणणाऱ्या गोखल्यांनीच भाषण केलं. "जिथं गवताची काडी उगवत नव्हती," ते हात उंचावून म्हणाले, "तिथं आपल्या सोलापूरच्या माणसानं वीज पिकवली!" टाळ्या पडल्या. इतकी वर्षं देवदत्त याच टाळ्यांची वाट बघत होता. त्या पडत असताना तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता, आणि कुणीतरी हे थांबवावं असं त्याला वाटत होतं. त्याला उत्तरादाखल बोलायला सांगितलं तेव्हा तो आभार मानून दोन वाक्यांत खाली बसला.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसलेली मुक्ता म्हणाली, "त्या बाईचं नाव का नाही घेतलंस? गवत उगवत नव्हतं म्हणाले, तर सांगायचं ना, उगवत होतं म्हणून."

"वाऱ्यात ऐकू येत नाहीये," देवदत्त म्हणाला.

त्यानंतर मुक्तानं त्याला सिसवाऱ्याचं काहीच विचारलं नाही, आणि देवदत्तला ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

फेब्रुवारीत दिल्लीहून पाहणीसाठी मंडळी येणार असं कळलं. फोटोग्राफर येणार होता, त्या फोटोंचं पुस्तक निघणार होतं: ओसाड जमिनीचं सोनं, अशा थाटाचं. आदल्या दिवशी देवदत्त सिसवाऱ्यात पोचला. रांगांमधून चालत तो शेवटच्या रांगेपाशी आला आणि उभा राहिला.

काचा पुसताना खाली पाणी ओघळतं. रोज ओघळतं, एकाच ओळीत. त्या ओळीवर जगरानानं माती भुसभुशीत करून, कुठून तरी शेणखत आणून पालक आणि सोया लावला होता. तिकडे शेपूला सोया म्हणतात. काचांच्या खालच्या कडेशी हाताएवढ्या रुंदीचा हिरवा पट्टा रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. पालकाची पानं तुकतुकीत होती.

"काहू का कुछ नुकसान नहीं बाबू," जगराना लगबगीनं जवळ येत म्हणाली. "शीशे पर छाँव नहीं पड़ती, हम देख लिए हैं. तार भी उधर है."

तिचं बरोबर होतं. पालक वीतभर उंचीचा, सावली पडायचा प्रश्न नव्हता. तारांच्या नळ्या दुसऱ्या बाजूनं गेल्या होत्या. भाजी उपटावी असा कुठलाही नियम नव्हता. असता तरी तो करणारा आणि मोडणारा देवदत्तच होता. या कुंपणाच्या आत शेवटचा शब्द त्याचा होता.

पण उद्या दिल्लीची माणसं इथे येणार. बंजर म्हणून सांगितलेल्या जमिनीवर हिरवा पालक बघणार. कुणीतरी कौतुकानं विचारणार, अरे, हे इथं कसं उगवलं? आणि जगराना, तिला तर बोलायला फार आवडतं, ती सांगणार. जिप्समपासून सांगणार, भात सांगणार. आणि हेही सांगणार की आमचे बाबू तेव्हा साहेबांशी खूप बोलले होते. साहेब शेजारीच उभे असणार.

"ये हटाना पड़ेगा," देवदत्त म्हणाला. "आज ही."

"आज?"

"कल बड़े लोग आ रहे हैं. वो लोग मना करते हैं."

जगरानानं हातातलं फडकं पिळलं. पिळून झालं तरी पिळत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबू, एक बार फोन करके पूछ लीजिए ना. उस बार आप बोले थे, नहीं माने. का पता, इस बार मान जाएँ. इत्ती सी तो भाजी है."

देवदत्तनं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती.

"ठीक है," तो म्हणाला. "पूछता हूँ."

कंट्रोल रूममध्ये कुणी नव्हतं. ऑपरेटर गावात चहा प्यायला गेला होता. टेबलावर फोन होता. देवदत्तनं रिसीव्हर उचलला, कानाला लावला. आवाज येत होता, म्हणजे फोन चालू होता. फिरवायला मात्र नंबर नव्हता, कारण विचारायचं असं कुणी नव्हतंच. खिडकीतून जगराना दिसत होती. ती पाठ करून बसली होती; आपल्यासाठी कुणी कुणापुढे हात जोडत असेल तर तिकडे बघू नये, तशी मुद्दाम पाठ करून. बाहेर जाऊन 'मान गए' एवढं म्हटलं असतं तरी पालक राहिला असता. दोन शब्द. उद्या काय व्हायचं ते झालं असतं. साहेबांनी झापलं असतं, बदली केली असती, पुस्तकात फोटो आला नसता. जगरानाला खरं कळलं असतं. यातलं शेवटचं त्याला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि तेच व्हायला हवं होतं, हेही त्याला तिथे उभं असताना कळत होतं. त्यानं रिसीव्हर ठेवला. पण लगेच बाहेर आला नाही. खरोखर कुणाशी बोलायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ तो टेबलापाशी थांबला.

मग बाहेर येऊन म्हणाला, "नहीं माने."

"अच्छा," जगराना म्हणाली.

तिनं पदर खोचला, रांगेच्या टोकाला उकिडवी बसली आणि पालक उपटायला लागली. मुळांची माती झटकून एकेक जुडी बाजूला ठेवत होती. बऱ्याच जुड्या झाल्या तेव्हा तिनं मान वर केली. देवदत्त अजून तिथेच उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते.

"अरे बाबू!" ती हातातली जुडी टाकून उठली. "आप काहे जी छोटा करते हैं? दो-दो बार बोले आप. हम भूलेंगे थोड़े." मातीचे हात साडीला पुसून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लहान मुलाला थोपटावं तसं ती थोपटत राहिली.

देवदत्तनं तिला थोपटू दिलं.